दहा इंची स्वस्त टॅबलेट घेतला आहे. अभ्यासाच्या वाचनासाठी तो कसा लावावा आणि सोबत काय घ्यावे?

पंचवटीवासी

नमस्कार. लग्नानंतर अर्धवट राहिलेले शिक्षण माझ्या पत्नीने यंदा मुक्त विद्यापीठातून पुन्हा सुरू केले असून ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. अभ्यासाच्या पीडीएफ ती आजवर माझ्या फोनवर वाचत असे आणि रात्री दहानंतर डोळे चोळत बसे, म्हणून गेल्या रविवारी महात्मा गांधी रोडवरील एका दुकानातून आम्ही १०.१ इंचाचा अँड्रॉइड टॅबलेट साडेअकरा हजार रुपयांना आणला. खोक्यावर ‘८ जीबी रॅम’ (रॅम म्हणजे चालू ॲपसाठीची तात्पुरती स्मृती) असे ठळक छापलेले आहे. सेटिंगमध्ये मात्र ४ जीबी आणि त्याखाली ‘वाढीव ४ जीबी’ असे दिसते. साठवण ६४ जीबीची असली तरी पहिल्याच दिवशी मोकळी जागा ४३ जीबीच्या आसपास होती. पडदा १२८० बाय ८०० पिक्सेलचा आहे. सिमची सोय नाही. घरच्या वायफायवर चालतो.

दुकानदाराने त्यासोबत पडद्यावर लिहायचे ६५० रुपयांचे चार्जिंगचे पेन आणि ४५० रुपयांचे १२८ जीबीचे मेमरी कार्ड दिले. कीबोर्ड जोडलेले १,४०० रुपयांचे कव्हरही ‘घ्याच’ म्हणून समोर ठेवले होते, पण ते पुढच्या आठवड्यात नेतो असे सांगून आम्ही बाहेर पडलो.

आता अडचणी सांगतो. पीडीएफचे अख्खे पान पडद्यावर बसते, पण जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार इतके बारीक होतात की ‘अंश’ आणि ‘अश’ यांत फरक कळत नाही. अक्षर मोठे केले की प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते. पेनाने पीडीएफवर खुणा करायला गेले की तळहात टेकताच पान उडते किंवा भलतीकडेच रेघ उमटते. सातवीतल्या चिरंजीवांनी दुसऱ्याच दिवशी चार खेळ उतरवून घेतले, हे वेगळेच. शिवाय ‘पहिल्यांदा सलग आठ तास चार्ज करा, नाहीतर बॅटरी बसेल’ असे दुकानदाराने बजावले होते, ते खरे आहे का?

टॅबलेट परत करण्याचा विचार नाही. आहे त्यातच तिचा अभ्यास सुखाने व्हावा यासाठी सुरुवात कोठून करावी आणि कीबोर्डचे कव्हर घ्यावे की नाही, हे जाणकारांनी सांगावे.

सोल्डरवाला

मी नाशिक रोडला मोबाइल-टॅबलेट दुरुस्त करतो, त्यामुळे विकणाऱ्याच्या नव्हे तर मोडलेले पाहणाऱ्याच्या नजरेने लिहितो.

आठ तासांची गोष्ट जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातली आहे. आजच्या लिथियम-आयन बॅटरीला तसे काही लागत नाही; खोक्यातून काढल्यावर जेवढी भरलेली असेल तेवढ्यावर वापरायला सुरुवात करावी. उलट रोज शून्यावर आणणे आणि रात्रभर उशीखाली ठेवून चार्ज करणे, या दोन सवयी मोडल्या तर बॅटरी जास्त टिकेल. तुमच्या टॅबलेटची बॅटरी किती आहे ते लिहिलेले नाही, पण साधारण ७,००० एमएएचची धरली तर तिच्यात सुमारे २७ वॉट-तास ऊर्जा मावते. ५ व्होल्ट २ अँपिअरच्या, म्हणजे १० वॉटच्या चार्जरने ती भरायला वाया जाणारी ऊर्जा धरून तीन ते साडेतीन तास लागणारच. त्यामुळे ‘हळू चार्ज होतो’ म्हणून बिघाड समजू नका आणि घाईघाईने रस्त्यावरचा स्वस्त चार्जर आणू नका. चार्जर घ्यायचाच झाला तर त्यावर बीआयएसचे, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचे, नोंदणी चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक आहे का ते पाहावे; तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये घालून कोणाच्या नावावर नोंदला आहे हे घरबसल्या तपासता येते. माझ्याकडे टेबलावर येणाऱ्या टॅबलेटपैकी बरेचसे चार्जिंगच्या खाचेसाठी येतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असते: चार्जिंग लावूनच टॅबलेट मांडीवर घेऊन वापरणे आणि वायर ओढली जाणे.

‘८ जीबी’बद्दल: खरी रॅम चारच जीबीची आहे. उरलेले चार जीबी म्हणजे साठवणीतला तुकडा रॅमसारखा वापरायला दिलेला असतो, आणि साठवण ही रॅमच्या तुलनेत फारच संथ असते. वाचनाला ४ जीबी पुरतात. ६४ जीबीतली जागाच तुम्हांला आधी कमी पडणार असल्याने ती ‘वाढीव’ सोय बंद करून जागा मोकळी करून घ्या.

मला खरी शंका आहे ती ४५० रुपयांच्या कार्डाची. १२८ जीबी छापलेली पण आत ८ किंवा १६ जीबीच असलेली कार्डे बाजारात फिरतात. ती संगणकाला आपला आकार खोटा सांगतात, त्यामुळे फाइली घातलेल्या दिसतात. खरी जागा संपल्यावर नव्या फाइली जुन्यांवर चढतात आणि महिन्याने पीडीएफ उघडायला जावे तर ‘फाइल खराब आहे’ असा निरोप येतो. कार्ड रिकामे आहे तोवरच शेजारच्या कोणाच्या विंडोज संगणकावर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हा मोफत प्रोग्राम चालवून पाहा. तो पूर्ण कार्ड भरतो आणि भरलेले परत वाचून पडताळतो. याला काही तास लागतील, पण अशी पूर्ण तपासणीच विश्वासाची आहे. कार्ड खोटे निघाले तर पावतीसह लगेच दुकानात जा.

कार्ड खरे निघाले तर त्यावर पीडीएफ, ध्वनिफिती आणि व्हिडिओ ठेवा. ॲप मात्र आतल्या साठवणीतच राहू द्या. टॅबलेटने ‘कार्ड आतील साठवण म्हणून वापरू का’ असे विचारले तर नको म्हणा. त्या पर्यायात कार्ड सांकेतिक कुलपात बंद होऊन त्याच एका टॅबलेटला बांधले जाते, आणि उद्या टॅबलेट बिघडला तर कार्डावरचे पुस्तकही दुसरीकडे उघडत नाही. माझ्याकडे रडत आलेली दोन माणसे तरी याच कारणाने आली होती.

पडद्यावर काच लावून घ्या, पण ‘९एच आहे, काही होत नाही’ यावर विसंबू नका. ते ९एच पेन्सिलीच्या कठीणपणाच्या मापातले आहे. पिशवीत किल्ल्यांबरोबर गेलेली वाळू काचेपेक्षा कठीण असते आणि ती ओरखडा काढतेच.

गंगापूर रोड, मुक्त विद्यार्थिनी

वहिनींना आधी शुभेच्छा. मीही दोन वर्षांपूर्वी अशाच १०.१ इंची टॅबलेटवर सुरुवात केली होती आणि पहिला महिनाभर तो चुकीच्या पद्धतीने धरून वाचत होते.

मोजपट्टी घेऊन पाहिले तर गंमत कळते. १६ः१० प्रमाणाच्या १०.१ इंची पडद्याची लांबी सुमारे २१७ मिलिमीटर आणि रुंदी १३६ मिलिमीटर असते. ए-फोर कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. म्हणजे टॅबलेट उभा धरला की २१० मिलिमीटरचे पान १३६ मिलिमीटरमध्ये, जवळजवळ दोन-तृतीयांश आकारात, कोंबले जाते. ११ पॉइंटचे अक्षर सातच्या आसपास येते आणि तळटीप तर मुंगीएवढी होते. तोच टॅबलेट आडवा केला की पानाची रुंदी छापील पुस्तकाएवढीच, किंबहुना कणभर जास्त मिळते. एका वेळी अर्ध्यापेक्षा थोडे कमी पान दिसते, पण सरकवायचे ते फक्त वरून खाली. डावी-उजवीकडची ओढाताण संपते.

तुमच्या पडद्यावर एका इंचात सुमारे १४९ पिक्सेल बसतात. त्याच मापाच्या १९२० बाय १२०० पडद्यावर ते सुमारे २२४ असतात. इंग्रजी अक्षराला हा फरक एक वेळ चालून जातो. देवनागरीत मात्र शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि रकार अशी दाटी असते. ‘र्कीं’सारखे अक्षर दहा-बारा पिक्सेलांच्या उंचीत काढायचे झाले तर अनुस्वाराच्या वाट्याला एखाददुसरा ठिपका येतो. म्हणून आडवे धरणे हा केवळ सोयीचा नव्हे, तर या पडद्यावर मराठी नीट वाचता येण्याचाच उपाय आहे.

याला जोड म्हणून समास कापून पान दाखवणारे वाचन-ॲप घ्यावे. चारही बाजूंची पांढरी जागा गेली की अक्षर आणखी मोठे होते. ‘मजकूर पुन्हा रचून दाखवा’ असा पर्याय काही ॲपमध्ये असतो, पण पुस्तक स्कॅन केलेले असेल तर तो चालत नाही, कारण तिथे मजकूर नसून पानाचे छायाचित्र असते. आपली पीडीएफ कोणत्या जातीची आहे हे ओळखायचे तर एका शब्दावर बोट दाबून धरावे. तो शब्द निळा झाला तर मजकूर आहे, काहीच झाले नाही तर चित्र.

आता पेन. सोल्डरवाले दादा यावर काही बोलले नाहीत म्हणून लिहिते. साध्या पडद्याला स्पर्श कळतो तो त्वचेच्या विद्युत-गुणामुळे, आणि ६५० रुपयांचे चार्जिंगचे पेन बोटाचीच नक्कल करते. पडद्याच्या दृष्टीने ते पेन म्हणजे एक बोट आणि तळहात म्हणजे दुसरे, मोठे बोट. कोणाचे ऐकावे हे त्याला ठरवता येत नाही. तळहात बाजूला ठेवून फक्त पेन ओळखायचे तर पडद्यात त्यासाठी वेगळी सोय लागते, जशी सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब एस६ लाइटमध्ये आहे आणि ज्याचे पेन खोक्यातच येते. ती सोय नसलेल्या टॅबलेटला कितीही महाग पेन आणले तरी फरक पडत नाही. तोवर तळहाताखाली चौघडी रुमाल ठेवून पाहावा. मी तसेच करीत असे आणि अधोरेखनापुरते भागत होते. खरे सांगायचे तर उत्तरे लिहायचा सराव वहीतच करावा. परीक्षेत शेवटी कागदावरच लिहायचे असते, आणि हात भरून येण्याची सवय टॅबलेटवर लागत नाही.

मला सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे दोन-तीन कोनांत उभे राहणारे साधे घडीचे कव्हर. टॅबलेट हातात धरून दोन तास वाचता येत नाही, मनगट भरून येते. कव्हर घेताना ते टॅबलेटच्या नेमक्या मॉडेलचे आहे ना, कॅमेरा आणि चार्जिंगच्या खाचा मोकळ्या राहतात ना, आणि मुख्य म्हणजे आडवे उभे केल्यावर बोटाने पडदा सरकवताना ते मागे कलंडत नाही ना, हे दुकानातच करून पाहा. मी हे न पाहता घेतलेले पहिले कव्हर ‘पुढचे पान’ म्हटले की शवासनात जात असे.

पंचवटीवासी

दोघांचेही मनापासून आभार. आडवा करून पाहिला आणि पत्नी पहिल्यांदाच चष्मा कपाळावर न सरकवता सलग वाचत बसली. ही साधी गोष्ट आम्हां दोघांना सुचली नाही याचे हसू आले. कार्डाची तपासणी भाच्याच्या संगणकावर उद्या करतो. मुलाच्या खेळांचे काय करावे? आणि कीबोर्डचा प्रश्न उरतोच, कारण तिला घरी करायच्या लेखनकामातला काही भाग टाइप करून ठेवायचा आहे, आणि बोटाने टाइप करताना अर्धा पडदा कळफलकच खातो.

सिडकोतला जुना कारकून

मुलाचे सोपे आहे. टॅबलेटवर एकापेक्षा जास्त वापरकर्ते ठेवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१२ पासून आहे. सेटिंगमध्ये ‘एकाधिक वापरकर्ते’ असे शोधा. काही कंपन्या ती काढून टाकतात, पण असेल तर सूनबाईंचे मुख्य खाते कुलूपबंद ठेवून चिरंजीवांना वेगळे खाते उघडून द्या. त्याचे खेळ आणि सूचना त्याच्या खोलीत, हिची पुस्तके हिच्या खोलीत. दोन्ही खात्यांची माहिती वेगळी साठत असल्याने जागा थोडी जास्त जाते. त्याला जो गुगलचा पत्ता द्याल तो ‘फॅमिली लिंक’ने पालकांच्या खात्याशी जोडला की नवा खेळ उतरवण्यापूर्वी तुमची परवानगी मागितली जाईल आणि रोजची वेळही ठरवता येईल. आणि ज्या टॅबलेटला घरातले तिघे हात लावतात त्यावर बँकेचे किंवा पैसे पाठवण्याचे ॲप ठेवू नये, हे मी माझ्या घरी भांडून ठरवले आहे.

वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर येणाऱ्या पीडीएफसाठी टॅबलेटला सिम लागत नाही. फोनवरच्या व्हॉट्सॲपमध्ये ‘जोडलेली उपकरणे’ उघडून टॅबलेटवरचा चौकोनी कोड टिपला की तेच खाते दोन्हीकडे चालते. अशी चार उपकरणे जोडता येतात. फक्त आपोआप उतरणारी छायाचित्रे आणि व्हिडिओ बंद करा, नाहीतर ‘शुभ सकाळ’नेच तुमचे ४३ जीबी भरतील.

कीबोर्डबद्दल मात्र माझे म्हणणे जरा वेगळे आहे. ‘घेऊच नका’ असे मी म्हणणार नाही. चाळीस वर्षे टंकलेखन केलेल्या माणसाला बोटाने काचेवर टकटक करणे म्हणजे शिक्षा वाटते. पण १,४०० रुपये देण्याआधी फुकटची परीक्षा करता येते. घरात किंवा शेजारी जुना यूएसबीचा कीबोर्ड असेलच. टाइप-सी ओटीजीचा, म्हणजे चार्जिंगच्या खाचेत यूएसबीच्या वस्तू जोडू देणारा, छोटा जोड शालिमारला कोणत्याही मोबाइलच्या दुकानात मिळतो, तो लावून कीबोर्ड टॅबलेटला जोडा. इंग्रजी लगेच उमटेल. खरी परीक्षा मराठीची आहे: पडद्यावरच्या कळफलकात ‘namaskar’ टाइप केले की ‘नमस्कार’ होते, पण बाहेरच्या कीबोर्डच्या कळा त्या रूपांतरापर्यंत पोहोचतीलच असे नाही, ते कळफलकाचे ॲप आणि टॅबलेट यांच्या जोडीवर ठरते. पोहोचल्या तर कव्हर खुशाल घ्या, आणि तेव्हाही दुकानात मराठीची चार वाक्ये टाइप करूनच पैसे द्या. न पोहोचल्यास असे मराठी टाइप करायला तो कीबोर्ड उपयोगाचा नाही.

आणि हो, मराठी बोलून टाइप करण्याची सोय गुगलने २०१७ पासून दिलेली आहे. जीबोर्ड या गुगलच्या कळफलकाच्या ॲपमध्ये मराठी भाषा जोडून माइकच्या चिन्हावर बोट ठेवावे आणि सावकाश, वाक्य तोडून तोडून बोलावे. विरामचिन्हे आणि ऱ्हस्व-दीर्घ नंतर हाताने सुधारावे लागतात. ‘आणि’च्या जागी ‘आनी’ आले म्हणून चिडू नये. पहिला खर्डा मात्र असा पटकन उतरतो.

सोल्डरवाला

काकांच्या ओटीजीच्या सूचनेला माझा दुजोरा, फक्त एक पुरवणी. त्याच जोडाने पेनड्राइव्हही चालेल, पण वेगळी वीज न घेणारी मोठी हार्ड डिस्क जोडू नका. टॅबलेट तिला पुरेशी वीज देऊ शकत नाही आणि ती टकटक करीत राहते. आणि पेनड्राइव्ह लावलेला टॅबलेट कव्हरवर उभा करून ठेवला तर सगळा भार त्या खाचेवर येतो.

सुरुवातीचे एक काम राहिले. दुसरे काही करण्याआधी वायफायवर सिस्टिमचे अपडेट आलेले असेल तर ते करून घ्या, आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये शेवटी ‘बद्दल’ या भागात उपकरण प्रमाणित असल्याचे लिहिले आहे का ते पाहा. अनोळखी नावाच्या स्वस्त टॅबलेटवर ते नसणे म्हणजे काळजीची गोष्ट.

पंचवटीवासी

आठवड्याभराने लिहितो आहे. उपकरण प्रमाणित असल्याचे दिसले, अपडेटही केले. कार्ड मात्र खोटे निघाले: १२८ पैकी जेमतेम १५ जीबी खरे होते. दुकानदाराने आधी ‘तुमचा संगणकच चुकीचे दाखवतो’ असे सांगून पाहिले. त्यावर भाच्याने तपासणीचा निकाल फोनवर दाखवला, तेव्हा निमूटपणे दुसऱ्या कंपनीचे ६४ जीबीचे कार्ड दिले आणि वरचे २०० रुपये घेतले. तेही त्याच रात्री तपासले. ते पूर्ण भरले आणि बरोबर वाचले गेले.

शेजारच्या काकूंकडचा जुना कीबोर्ड जोडून पाहिला. इंग्रजी उमटले, मराठीचे रूपांतर आमच्या टॅबलेटवर झाले नाही, म्हणून कीबोर्डच्या कव्हरचे १,४०० रुपये वाचले. त्याऐवजी ४८० रुपयांचे घडीचे कव्हर आणले. विद्यार्थिनीताईंनी सांगितल्याप्रमाणे दुकानाच्या काउंटरवर ते आडवे उभे करून पडद्यावर वीस वेळा बोट ओढले, आणि दुकानातल्या मुलाने शेवटी विचारले की काका, नक्की काय शोधताय. पहिली दोन कव्हरे कलंडली, तिसरे टिकले.

पेन परत घेण्यास दुकानदार तयार नाही. सध्या चिरंजीव आपल्या खात्यात त्याने चित्रे काढतात, तळहात हवेत धरून. पत्नीने काल संध्याकाळी बोलून-टाइप करण्यावर पहिले उत्तर उतरवले; त्यात ‘समाजशास्त्र’ दोनदा ‘समाज शस्त्र’ झाले होते, ते तिने सुधारले आणि आता ती दुसऱ्या घटकावर आहे.